हरळीची जात

जुळे सोलापुरात घर झालं तेव्हा
मुलीनं हौसेनं हिरवळ मागवली,
होटगी रस्त्यावरच्या नर्सरीतून.
टेम्पोतून उतरले गवताचे गुंडाळे,
खाली बोटभर तांबडी माती, परक्या गावची.
आम्ही अंथरलं, कोपरे ओढून,
नवी चादर अंथरावी तसं.

मी पाणीपुरवठ्यातला चावीवाला.
बत्तीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी,
कुठल्या गल्लीला किती फेरे, अजून पाठ आहे.
आणि रोज संध्याकाळी पाईप धरून
गवतापुढे उभा.
समोरून एक बाई घागर घेऊन जायची,
चौथ्या दिवसाच्या पाण्याची वाट बघणारी.
काही बोलायची नाही.

एप्रिलात काळी माती फाटली.
ही माती तशीच. पावसात फुगते,
उन्हात अंग आवळून घेते,
आणि वरचं जे काही नाजूक असेल
त्याची मुळं दोन्हीकडून ओढून तोडते.
एका भेगेत नातवाची गोटी गेली.
वाकून बघितलं. काळोख.
त्रेचाळीसच्या उन्हात ते गवत
आधी निळसर, मग पिवळं,
मग विडीच्या पानासारखं चुरचुरलं.
शेजारचे रेवणसिद्धप्पा कठड्यावरून म्हणाले,
"का बे भानुदास, तूर पेरली असतीस
तर वरण तरी झालं असतं."

जुलैत, दोन तुकड्यांच्या जोडावरून
एक तार वर आली.
ओळखली. ओळखणारच.
माझा बाप मंद्रूपकडं लोकांच्या रानात
हरळी खणायचा, गुंठ्याच्या हिशेबानं.
कुदळ मारायचा, ढेकूळ उलटायचा,
हातभर खालच्या पांढऱ्या काशा उपसून
बांधावर ढीग घालायचा, वाळल्या की पेटवायचा.
एक पेर राहिलं तरी रान परत घेते, म्हणायचा.
घरात कुणी हट्टाला पेटलं
की त्याची शिवी एकच: हरळीची जात!

मी खुरपं आणायला उठलो.
मंगला म्हणाली, राहू दे की.
एवढी आपणहून आलीय.

राहिली.
आता रोज पाणी नाही. आठवड्यातून एकदा,
पहाटे, वीतभर खाली मुरेल असं;
तेही कपड्यांचं शेवटचं, साबण निघून गेल्यानंतरचं.
उन्हाळ्यात पाती कापत नाही,
दोन पेरं वाढू देतो, तीच तिची सावली.
भेगांत शेणखत नि वाळू हातानं सारतो.
पावसात पाऊल टाकायचं नाही,
चप्पल किलोभराची होते
आणि ठसा दिवाळीपर्यंत राहतो.
नातवाचा एक आहे अजून, गेटजवळ, डावा.
लव्हाळा मात्र दिसला की उपटतो.
तेवढा बाप अंगात आहे.

मे महिन्यात ती करडी पडते.
रेवणसिद्धप्पा म्हणतात, मेली बे.
मी ओणवा होऊन एक पेर नखानं खरवडतो.
आत हिरवं.
त्यांना दाखवत नाही.

परवा कडेला फरशी बसवायची म्हणून
बापाची कुदळ काढली, झिजून निम्मी राहिलेली.
हातभर खणलं. तिथंही काशी,
जाड, जुनी, घराच्या पायाखाली गेलेली.
म्हणजे आमच्या आधीपासून होती.
कुणाचं तरी रान होतं हे,
कुणीतरी इथंही खणलं असणार,
उन्हात, गुंठ्याच्या हिशेबानं,
आणि संध्याकाळी मालकाला सांगितलं असणार
की संपली.
मी माती परत लोटली.
फरशी तशीच पडून आहे.

आज पाण्याचा दिवस.
साडेतीनला जाग येते अजून,
चावी दुसऱ्याच्या खांद्यावर असली तरी.
नळात आधी हवा येते, खोकते, मग पाणी.
पहिली बादली घरात.
दुसरी घरात.
धुण्याची कालची बादली उचलून
मी अंधारात बाहेर येतो,
गेटजवळचा ठसा चुकवत.